टेबल घेण्याआधी कोपर मोजा: काम आणि गेमिंगसाठी एकाच टेबलाची मांडणी

आमच्या रत्नागिरीच्या घरात कॉम्प्युटरचं टेबल एकच आहे आणि त्यावर बसणारी माणसं दोन. सकाळी साडेनऊपासून संध्याकाळपर्यंत मी तिथे अनुवाद आणि मुद्रितशोधन करते. रात्री जेवणं उरकली की माझा अकरावीतला मुलगा त्याच खुर्चीत बसून व्हॅलोरंट हा नेमबाजीचा ऑनलाइन गेम खेळतो. माझी उंची पाच फूट तीन इंच, त्याची पाच फूट दहा. दोन वर्षांपूर्वी माझा उजवा खांदा असा काही धरला की वेणी घालायला हात वर जाईना. फिजिओथेरपीच्या ताईंनी खांदा हलवून बघितला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "टाइप करताना कोपर टेबलाच्या वर असतं की खाली?" मला सांगता आलं नाही. घरी येऊन बसून बघितलं, तर टेबल कोपरापेक्षा साडेचार इंचांहून जास्त वर होतं. म्हणजे रोज आठ तास मी दोन्ही खांदे उचलून धरून टाइप करत होते.

त्यानंतर मी आमचं टेबल नीट केलं, मग पुण्याला बहिणीचं, मग शेजारच्या दोन घरांतलं. सगळीकडे चूक तीच सापडली. आधी टेबल येतं, मग त्याला साजेशी खुर्ची येते आणि शेवटी माणूस त्या दोघांत कसाबसा बसतो. क्रम उलटा करायला हवा: जमीन, पाय, बैठक, कोपर, मग टेबल आणि सर्वांत शेवटी स्क्रीन. या लेखात मी त्याच क्रमाने जाणार आहे.

तीन मापं

शिंप्याचा टेप किंवा सुताराचा टेप, पेन्सिल आणि मदतीला एक माणूस लागेल. आपलं आपण मोजू नका, कारण टेप बघायला वाकलं की माप बदलतं. घरात चपला घालून वावरत असाल तर चपला घालूनच मोजा.

सपाट, टणक स्टुलावर किंवा खुर्चीवर बसा. तळवे पूर्ण जमिनीवर, गुडघे काटकोनात. आता जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खोलगट भागापर्यंतचं अंतर मोजून घ्या. ही तुमच्या बैठकीची उंची. माझी ४२ सेंटिमीटर आली, मुलाची ४६.

दुसरं माप सगळ्यात महत्त्वाचं. एकदा खांदे कानांपर्यंत उचला आणि सोडून द्या, म्हणजे ते आपसूक खाली येतील. दंड अंगालगत लोंबू द्या, कोपर काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपराच्या खालच्या हाडापर्यंत मोजायला सांगा. माझं ६४, मुलाचं ७०. हे माप तीनदा घ्या आणि मधला आकडा धरा. पहिल्या खेपेला बहुतेक जण ताठ बसून छाती काढतात आणि कोपर दोन सेंटिमीटर वर येतं. रोज जसं बसता तसं बसा.

तिसरं माप जमिनीपासून डोळ्यांपर्यंतचं, समोर बघत असताना. माझं ११३, मुलाचं १२४.

हे सहा आकडे मी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवले आहेत. फर्निचरच्या दुकानात जाताना ते बरोबर असू द्या.

तीस इंचांचं टेबल

बाजारातलं तयार स्टडी टेबल, ऑफिसचं टेबल, जेवणाचं टेबल, सगळी साधारण २९ ते ३० इंच, म्हणजे ७४ ते ७६ सेंटिमीटर उंच असतात. हाताने लिहिताना आपण पुढे झुकतो आणि हात कागदावर टेकवतो, तेव्हा ही उंची खपून जाते. कीबोर्डला खपत नाही. टाइप करताना आणि माऊस चालवताना टेबलाचा पृष्ठभाग कोपराच्या रेषेत किंवा बोटभर खाली हवा. टेबल वर असेल तर खांदे उचलले जातात किंवा कोपरं बाहेर फाकतात, आणि संध्याकाळपर्यंत मान आणि खांद्याच्या मधला स्नायू दगडासारखा होतो.

माझ्या मुलाची उंची चांगली आहे. तरीही त्याच्या कोपरापेक्षा ७६ सेंटिमीटरचं टेबल सहा सेंटिमीटर वर येतं. तेव्हा "आम्ही उंच आहोत, आम्हाला चालतं" असं मोजल्याशिवाय धरू नका.

एकाच टेबलावर दोघं बसणार असतील तर हिशोब असा करा. टेबल उंच माणसाच्या कोपराला लावायचं. बुटक्या माणसाने खुर्ची तेवढ्या फरकाने वर घ्यायची आणि पायाखाली तेवढ्याच उंचीचा आधार ठेवायचा. उलटं केलंत, म्हणजे टेबल बुटक्याच्या मापाचं केलंत, तर उंच माणसाला खुर्ची खाली न्यावी लागते, त्याचे गुडघे पोटाशी येतात आणि कंबर गोल होते. आमचा आकडा ७० ठरला. मी खुर्ची ४२ ऐवजी ४८ वर घेते आणि पायाखाली सहा सेंटिमीटरचा पाट ठेवते.

हो, जेवायला बसायचा लाकडी पाट. बाजारात पाय टेकवायचं खास उपकरण मिळतं, पण आपल्या बहुतेक घरांत माळ्यावर एखादा पाट पडलेला असतो. तो मजबूत असतो आणि त्यावर दोन्ही तळवे सपाट बसतात. खाली रबराच्या दोन चकत्या चिकटवल्या की फरशीवर सरकतही नाही. फक्त त्याची उंची मोजा. पाट फार उंच असेल तर गुडघे वर येतात आणि मांड्यांचा बैठकीवरचा आधार सुटतो.

आता टेबल खाली कसं आणायचं? लाकडी असेल तर पाय कापायचे. आमच्याकडे सासऱ्यांच्या वेळचं सागवानी टेबल होतं. ते कापायचं म्हणून सासूबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "ते त्यांच्या मापाचं होतं, आता तुमच्या मापाचं करा." सुतारकाका मात्र तयार होईनात. "वहिनी, टेबल तीस इंचीच असतं. कापलं की बुटकं दिसेल." मी त्यांनाच खुर्चीत बसवलं आणि कीबोर्डवर हात ठेवायला सांगितलं. त्यांनी हात ठेवले, खांदे दोनदा वरखाली केले, कानामागची पेन्सिल काढली आणि चारही पायांवर रेघ मारली: दोन इंच तीन सूत. सहा सेंटिमीटरला तेवढंच होतं. कापल्यावर पायांच्या तळाला आट्यांचे बूश बसवून घ्या. फरशी कुठेच अगदी सपाट नसते आणि पुढे उंची थोडी वरखाली करायची झाली तर तेच बूश उपयोगी पडतात.

पाय कापण्याजोगे नसतील, घर भाड्याचं असेल, तर खुर्ची आणि पाटावरच सगळा फरक भरून काढा. तिसरा उपाय म्हणजे टेबलाखाली टेलिस्कोपिक चॅनलवर सरकणारा कीबोर्डचा ट्रे. तो घेताना माऊसही त्याच ट्रेवर मावतो का ते आधी बघा. कीबोर्ड खाली आणि माऊस वर टेबलावर, अशी मांडणी उजव्या खांद्याला वाईट. आणि गेमिंगसाठी ट्रे जवळजवळ निरुपयोगीच, कारण त्यावर हात फिरवायला जागा राहत नाही आणि तो हलतो.

एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते: टेबलाचा मधला खण. टेबल ७० सेंटिमीटरवर आलं, फळी अडीच सेंटिमीटरची, म्हणजे खालची बाजू साडेसदुसष्टवर. खुर्चीत बसल्यावर माझ्या मांड्यांचा वरचा भाग ६२ वर येतो. मधे पाच-साडेपाच सेंटिमीटर मोकळे, चालतंय. पण तिथे दहा सेंटिमीटरचा खण असेल तर तो थेट मांडीवर बसतो आणि मग माणूस नकळत मागे सरकून हात लांबवून काम करतो. आमचा खण काढून काकांनी टेबलाच्या डाव्या बाजूला लावून दिला.

नवीन टेबल करून घेणार असाल तर लांबी किमान चार फूट ठेवा आणि खोली अडीच फूट. दोन फूट खोलीच्या टेबलावर मॉनिटर नाकाशी येतो. कोकणात, मुंबईत, गोव्यात पार्टिकल बोर्डच्या वाटेला जाऊ नका. माझं पहिलं टेबल ऑनलाइन मागवलेलं, तसल्याच बोर्डचं होतं. पहिल्याच पावसाळ्यात कडा पाव इंच फुगल्या आणि पायांचे स्क्रू भुशातून निघावेत तसे हातात आले. त्यापेक्षा ७१० ग्रेडचा मरीन प्लाय घ्या, १८ किंवा १९ मिलिमीटर जाडीचा. सुतारांना 'सातशेदहा' म्हटलं की कळतं. आठ बाय चारच्या एका शीटमधून चार बाय अडीच फुटांच्या तीन फळ्या निघतात, म्हणून शेजारी किंवा नातेवाइकांबरोबर मिळून शीट घेतलीत तर परवडतं. खाली चौकोनी पाइपची वेल्डिंग केलेली फ्रेम बसवा आणि आडवा पाइप मागच्या बाजूला घ्यायला सांगा. पुढे घेतला तर गुडघ्याला लागतो. समोरच्या कडेला सनमायकाची धार तशीच ठेवू देऊ नका. तिथे हाताचा कोपराखालचा भाग तासन्‌तास टेकलेला असतो. अर्धगोल लाकडी पट्टी लावून घ्या.

विजेवर वरखाली होणारी टेबलं आता सहज मिळतात आणि ज्याला परवडतं त्याने जरूर घ्यावं. मात्र दुकानदार ते किती उंच जातं हे सांगतो. तुम्ही ते किती खाली येतं हे विचारा. दोन टप्प्यांच्या पायांची पुष्कळ टेबलं ७० सेंटिमीटरच्या खाली येत नाहीत. तीन टप्प्यांच्या पायांची साठीच्या आसपास येतात. आपल्याकडच्या बऱ्याच बायकांना दुसरंच लागेल.

खुर्ची

पैसे कमी असतील तर टेबलावर वाचवा, खुर्चीवर घाला.

दुकानात टेप घेऊन जा. पहिल्यांदा बैठकीची खोली बघा. पाठ पूर्ण मागे टेकवून बसल्यावर बैठकीची पुढची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यात दोन-तीन बोटं मावली पाहिजेत. नाही मावली तर खुर्ची कितीही महाग असली तरी तुमची नाही. तुम्ही पुढे सरकून बसाल आणि पाठीचा आधार रिकामाच राहील. हर्मन मिलर कंपनीने १९९४ साली एरॉन ही जाळीची खुर्ची आणली ती तीन वेगवेगळ्या मापांत, कारण एका मापाची खुर्ची सगळ्यांना बसत नाही हे त्यांनी धरूनच चाललं होतं. आपल्याकडे बहुतेक खुर्च्या एकाच मापात येतात, म्हणून बसून बघण्याला पर्याय नाही. वीस मिनिटं बसा. दुकानदाराला वाईट वाटू द्या.

दुसरं, कमरेचा आधार. तो पट्टा बांधतो त्या उंचीवर, कमरेच्या खोलगट भागात यायला हवा. पाठीच्या मधोमध टोचत असेल तर तो आधार नव्हे. घरच्या खुर्चीला आधार नसेल तर पंचाची घट्ट गुंडाळी करून दोऱ्याने बांधा आणि पाठीमागे त्या जागी अडकवा. उशी मऊ पडते, दबून जाते. पंचाची जाडी हवी तशी कमीजास्त करता येते. आठवडाभर हे करून बघा, मग खुर्ची घेताना तुम्हाला नेमकं काय हवं ते कळेल.

तिसरं, हात टेकवायचे दांडे वरखाली होतात का. ते टेबलाच्या पातळीला किंवा किंचित खाली यावेत, म्हणजे खुर्ची टेबलाजवळ ओढता येते. न हलणारे उंच दांडे टेबलाला अडतात आणि तुम्हाला वीतभर मागे ठेवतात. अशी खुर्ची घरात असेल तर दांडे काढून टाका. चार-सहा स्क्रूंचं काम असतं.

गेमिंग खुर्चीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तिचा आकार रेसिंग गाडीच्या सीटवरून आलेला आहे. गाडी वळणावर फेकते तेव्हा शरीर जागेवर राहावं म्हणून त्या सीटच्या दोन्ही बाजू उंच असतात. टेबलासमोर बसलेल्याला कोणी फेकत नाही. तिथे त्याच उंच कडा रुंद खांदे पुढे ढकलतात आणि मांड्या आवळून धरतात. शिवाय तिच्यावरचं नकली चामडं दमट हवेत दोन-तीन वर्षांत पापुद्रे सोडायला लागतं आणि मे महिन्यात पाठ घामाने चिकटते. तेवढ्याच पैशांत जाळीच्या पाठीची ऑफिस खुर्ची घ्या. मुलाने सुरुवातीला हट्ट केला होता. मित्राकडे दोन तास खेळून आल्यावर त्याने तो विषय काढला नाही.

खुर्ची आली की पाठ थोडी मागे, १०० ते ११० अंशांवर ठेवा. काठीसारखं ताठ बसायची गरज नाही. पाठीने खुर्चीवर भार टाकावा, त्यासाठीच ती आहे. कंट्रोलर घेऊन खेळताना आणखी मागे रेला आणि कोपरं दांड्यांवर सोडा.

स्क्रीन

आता डोळ्यांच्या मापाकडे येऊ. मुलगा बसला की त्याचे डोळे टेबलापासून ५४ सेंटिमीटर वर असतात, माझे ४९. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा दोन-तीन बोटं खाली असावी, म्हणजे नजर सहज थोडी खाली उतरते. पण मला चाळिशीचा चष्मा आहे, तोही प्रोग्रेसिव्ह. जवळचं दिसणारा भाग त्यात खाली असतो. त्यामुळे स्क्रीन 'बरोबर' उंचीवर असली की मी हनुवटी वर करून बघायचे आणि मान मागून दुखायची. असा चष्मा असणाऱ्यांनी स्क्रीन आणखी पाच-सात सेंटिमीटर खाली घ्यावी आणि वरची बाजू किंचित मागे कलवावी. हा एक बदल केला आणि माझी मानदुखी आठवड्यात थांबली.

म्हणजे आम्हा दोघांच्या स्क्रीनमध्ये दहा सेंटिमीटरचा फरक पडतो. अशा घरात गॅस स्प्रिंगचा मॉनिटर आर्म, म्हणजे टेबलाच्या कडेला क्लॅम्पने बसणारा आणि स्क्रीन हवी तशी वरखाली, पुढेमागे करणारा दांडा, घेण्यात पैसे वाया जात नाहीत. घेण्याआधी मॉनिटरच्या मागे चार भोकं आहेत का बघा. ती ७५ बाय ७५ किंवा १०० बाय १०० मिलिमीटरवर असतात. मॉनिटरचं वजन आर्मच्या मर्यादेत बसायला हवं. काचेच्या टेबलाला क्लॅम्प लावू नका. पार्टिकल बोर्डला लावायचाच असेल तर वर आणि खाली प्लायचा तुकडा किंवा लोखंडी पट्टी द्या, नाहीतर क्लॅम्प आत रुततो. एकटेच बसणार असाल तर आर्मची गरज नाही. जाडजूड दिवाळी अंकांचा गठ्ठा दोरीने बांधून स्टँडखाली ठेवा, काम तेच होतं.

अंतर हातभर. मागे टेकून बसा, हात सरळ पुढे करा, बोटांची टोकं स्क्रीनला लागावीत. २४ इंची स्क्रीन साधारण ६० सेंटिमीटरवर, २७ इंची थोडी आणखी मागे. २७ इंची घ्यायची तर १४४० पिक्सेलची घ्या. त्या आकारात १०८० पिक्सेलवर अक्षरांच्या कडा फुटतात. देवनागरीत हे जास्त जाणवतं. अनुस्वाराचा ठिपका, रफार, घ आणि ध, भ आणि म यांतला फरक बारीक असतो. अक्षर लहान असलं की डोकं आपोआप पुढे जातं आणि मुद्रितशोधन करणारी माणसं तर कासवासारखी मान काढून बसतात. ब्राउझर आणि वर्ड दोन्हींत झूम १२५ टक्क्यांवर ठेवा. स्क्रीन जवळ आणण्याआधी अक्षर मोठं करा.

खेळताना उलट होतं. चुरशीचा क्षण आला की मुलगा नाक स्क्रीनला लावायचा. त्याला "मागे बस" म्हणून काही उपयोग झाला नाही. मग आम्ही आर्म ओढून स्क्रीनच दहा सेंटिमीटर पुढे घेतली, आणि तो मागे टेकला.

लॅपटॉपवर काम करणाऱ्यांसाठी एकच नियम: स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले आहेत तोवर एक बरोबर केलं की दुसरं चुकतं. लॅपटॉप डब्यांवर किंवा पुस्तकांवर चढवा आणि कीबोर्ड, माऊस वेगळे घ्या. हजार-बाराशे रुपयांत साधा जोड मिळतो.

कीबोर्ड आणि माऊस

कीबोर्डचे मागचे पाय उघडू नका. ते उघडले की मनगट वरच्या बाजूला मोडतं. मनगट आणि हाताचा पंजा एका सरळ रेषेत हवेत, वरखालीही आणि आजूबाजूलाही. मनगटाखालची गादी थांबल्यावर टेकवायला आहे. टाइप करताना मनगट तिच्यावर दाबून ठेवलं तर नसेवर भार येतो.

कीबोर्ड मधोमध म्हणजे कुठे? एफ आणि जे या बटणांवर छोटे उंचवटे असतात. इनस्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या बटणमांडणीत तिथे पहिली वेलांटी आणि र येतात. त्या दोन उंचवट्यांच्या मधोमध तुमची बेंबी आली पाहिजे. बहुतेक जण अख्ख्या कीबोर्डचा मध्य धरतात. मग उजवीकडच्या आकड्यांमुळे अक्षरांची बटणं डावीकडे सरकतात आणि माणूस दिवसभर किंचित वाकडा बसतो.

मराठी टाइप करणाऱ्यांनी आणखी एक बघावं. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली प्रमाण ठरवलेल्या इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आहेत आणि बहुतेक व्यंजनं उजव्या. च, ट, ज, ड ही चारही उजव्या करंगळीकडे येतात. ख, घ, थ, फ यांना शिफ्ट लागतं. उजवा हात आधीच जास्त राबतो आणि वर माऊसही त्याच हातात. म्हणून मी आकड्यांचा भाग नसलेला, ८७ बटणांचा कीबोर्ड घेतला. तो आठ-नऊ सेंटिमीटरने अरुंद असतो आणि माऊस तेवढाच अंगाजवळ येतो. माझ्या खांद्याला टेबलाच्या खालोखाल आराम कशाने पडला असेल तर याने. हिशोबाचं काम असेल तर आकड्यांचा पॅड वेगळा घ्या आणि डावीकडे ठेवा. उजव्या हाताच्या अक्षराला लागणारं शिफ्ट डाव्या हाताने दाबायची सवय लावा. एकाच हाताने शिफ्ट आणि अक्षर दोन्ही दाबताना पंजा ताणला जातो.

गेमिंगमध्ये, विशेषतः नेमबाजीच्या खेळांत, माऊसचा वेग कमी ठेवतात. त्यामुळे पूर्ण मागे वळायला माऊस टेबलावर वीतभर किंवा त्याहून जास्त फिरवावा लागतो. छोट्या पॅडवर ते मनगटाने केलं जातं आणि मनगट बिघडतं. पॅड किमान ४५ बाय ४० सेंटिमीटरचा घ्या आणि हालचाल कोपरातून करा. हाताचा मधला भाग टेबलावर टेकलेला, मनगट सैल. माऊसच्या उजवीकडे पाण्याची बाटली, मोबाइल, काही ठेवू नका. डाव्या हाताची बोटं डब्ल्यू, ए, एस, डीवर असतात आणि कीबोर्ड सरळ असला तर डावं मनगट बाहेर वळतं. म्हणून खेळणारी मुलं कीबोर्ड तिरका करतात. ते बरोबरच आहे, त्यांना टोकू नका. काम सुरू करताना मात्र तो सरळ करून घ्या.

उजेड, वीज, वारा

खिडकी बाजूला हवी. पाठीमागे असली की स्क्रीनवर चमकते, समोर असली की डोळे दिपतात. पांढरा कागद स्क्रीनशेजारी धरा. स्क्रीन दिव्यासारखी झळकत असेल तर तिचा उजेड कमी करा. रात्री अंधारात खेळायचं असेल तर स्क्रीनच्या मागे भिंतीवर पडणारा मंद दिवा ठेवा.

विजेचं काम आधी वायरमनकडून तपासून घ्या. अनवाणी पायांनी कॉम्प्युटरच्या लोखंडी कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नीट नाही आणि ते अंगावर बेतू शकतं. एका एक्स्टेन्शन बोर्डाला दुसरा जोडू नका. यूपीएस घेताना व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) आकडा बघून फसू नका, वॉट बघा. ६०० व्हीएचा साधा यूपीएस बहुधा ३६० वॉटच देतो. ग्राफिक्स कार्डवर खेळ चालू असताना वीज गेली तर तो तिथेच बंद पडू शकतो. आम्ही ११०० व्हीएचा, ६६० वॉटचा घेतला. पावसाच्या आधी आणि परतीच्या पावसात कडाडायला लागलं की प्लग काढतो, इंटरनेटची वायरही काढतो.

कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका, लादी पुसताना पाणी जातं. बंद कप्प्यातही नको. डेझर्ट कूलर वापरत असाल, तर त्याचा ओलसर झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका. वायरी बांधताना आर्म पूर्ण पुढे ओढून बघा आणि तेवढी ढील ठेवूनच पट्टी आवळा.

बसल्यानंतर

इतकं करूनही चार तास न हलता बसलात तर दुखणारच. माझा मोबाइल दर वीस मिनिटांनी हळूच वाजतो. मी वीस सेकंद खिडकीबाहेरच्या माडाकडे बघते. तो वीस फुटांपेक्षा लांब आहे. पापण्या मुद्दाम मिटते, कारण स्क्रीनकडे बघताना त्या कमी मिटतात. दर पाऊण तासाने उठून पाणी आणते, म्हणून टेबलावर बाटली न ठेवता पेला ठेवते. मुलाला असा गजर लावून चालत नाही, सामना अर्ध्यावर सोडता येत नाही. व्हॅलोरंटमध्ये जो संघ आधी तेरा फेऱ्या जिंकतो त्याचा सामना, आणि त्याला साधारण अर्धा-पाऊण तास जातो. आमचा ठराव असा आहे की सामना संपला की उठायचं आणि पुढचा शोधायला लावून गॅलरीत एक फेरी मारायची.

हातांकडे लक्ष ठेवा. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होऊन जाग येत असेल तर मनगटातली नस दबत असू शकते. करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट बधिर होत असेल तर कोपर टणक दांड्यावर टेकतंय का ते आधी बघा. मांडणी बदलूनही दोन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा हातातून वस्तू सुटायला लागल्या, तर डॉक्टरकडे जा. मी सहा महिने थांबले, त्यामुळे खांदा मोकळा व्हायलाही तेवढाच वेळ लागला.

वाढत्या वयाचं मूल असेल तर दर सहा महिन्यांनी मापं पुन्हा घ्या. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मुलाला परत स्टुलावर बसवलं. कोपर ७१ वर गेलं होतं. काकांनी लावलेले चारही बूश आम्ही आटे मोजून सारखे फिरवले, टेबल एक सेंटिमीटर वर आलं. कपाटाच्या दारावर जुन्या आकड्याखाली नवा आकडा लिहिला. मी खुर्ची तेवढीच वर घेतली आणि माझ्या पाटाखाली आता प्लायची एक पातळ पट्टी आली आहे.